नकाशावरचा ठिपका नेमका कुठला?

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलं आहे: साथीचे रोग कसे पसरतात हे दाखवणारे ऑनलाइन नकाशे आणि डॅशबोर्ड नववीच्या मुलांना दाखवायचे आहेत. कोणते दाखवावेत? त्यांच्यावर कितपत विसंबावं? आणि मुलांकडून आपल्या वस्तीचा डेंग्यूचा नकाशा करून घेता येईल का?

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नकाशा जरूर करून घ्या, पण रुग्णांचा नको. साचलेल्या पाण्याचा करा. असं का म्हणतो हे सांगायला जरा लांबून यावं लागेल, पण तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरंही त्याच वाटेवर आहेत.

मी गेली सतरा वर्षं रोग सर्वेक्षणाच्या कामात आहे, त्यातली बहुतेक नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते. ‘इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत इतवारी-महालाचे रस्ते भरून जातात. नेमक्या त्याच आठवड्यांत मेडिकल आणि मेयो या इथल्या दोन सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत तापाचे रुग्ण वाढू लागलेले असतात. डेंग्यू असतो, मलेरिया असतो, स्क्रब टायफस असतो. आणि मला फोन सुरू होतात. कुणीतरी मोबाइलवर एखादा नकाशा पाहिलेला असतो, त्यात आपला भाग लाल दिसलेला असतो. ‘सर, आमच्याकडे साथ आली का?’

मी उलटा एकच प्रश्न विचारतो. तो ठिपका कुठला आहे? रुग्ण राहतो तिथला, त्याला डास चावला तिथला, तो भरती झाला तिथला, की त्याचं रक्त तपासलं तिथला? ही चार ठिकाणं चार वेगळ्या भागांत, कधी कधी दोन वेगळ्या राज्यांत असतात. नकाशा मात्र त्यातलं एकच दाखवतो, आणि कोणतं ते बहुतेक वेळा सांगत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्यातल्या एका बैठकीत शहराचा डेंग्यूचा नकाशा पडद्यावर लावला होता. धंतोली आणि रामदासपेठ गडद लाल, बाकी शहर फिकट. लगेच ठरलं, फॉगिंगच्या गाड्या तिकडे पाठवा. धंतोली-रामदासपेठेत पावलापावलावर खाजगी दवाखाने आहेत हे नागपूरकराला सांगायला नको. मला शंका आली म्हणून मी लाइन लिस्ट मागवली. लाइन लिस्ट म्हणजे एका रुग्णाची एक ओळ असलेली यादी: नाव, वय, पत्ता, ताप कधी आला, तपासणी कधी झाली, निकाल काय. पत्त्याच्या रकान्यात अर्ध्याहून जास्त ठिकाणी रुग्णालयाचाच पत्ता होता. नोंद करणाऱ्याचा दोष म्हणावा असंही नाही. केसपेपरवर घरचा पत्ता अर्धवट असतो, रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे जाऊ देत नाही, मग समोर छापलेला असतो तो पत्ता टाकला जातो. मी आणि एका सहकाऱ्याने बसून दुपारभर फोन लावले. कुणी वाडीचं निघालं, कुणी हिंगण्याचं, कुणी कळमन्याचं. दोघे छिंदवाड्याहून आलेले होते, एक यवतमाळचा. धंतोलीत राहणारे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पत्ते बदलून नकाशा पुन्हा काढला तेव्हा लाल रंग शहराच्या कडेला सरकला आणि फॉगिंगच्या गाड्यांचा रस्ता बदलला.

नागपुरात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, पलीकडे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, इतक्या भागातला आजारी माणूस शेवटी आपल्याकडे येतो. शहराच्या नावावर लागलेला प्रत्येक रुग्ण शहराचा नसतो.

या गोंधळाचं एक उदाहरण नागपूरच्याच नावावर आहे. १९६५ मध्ये नागपूर भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि नमुना जिथला होता त्या गावावरून त्याला चांदीपुरा हे नाव पडलं. सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीमुळे तो पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूला सूज आणतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याने मुलांचे जीव घेतले. गुजरातच्या बातम्या आल्या तेव्हा मला कितीतरी पालकांनी विचारलं, की हा नागपूरचाच विषाणू आहे ना, मग आपल्याकडे धोका जास्त का? नावाचा आणि आजच्या धोक्याचा संबंध नाही. १९६५ मध्ये नमुना कुठून घेतला एवढंच ते नाव सांगतं.

ठिकाणाइतकीच तारीख फसवी असते. डेंग्यूचंच उदाहरण घ्या. मुलांना फळ्यावर हे गणित करून दाखवा, कोणत्याही डॅशबोर्डपेक्षा जास्त शिकतील. समजा १ ऑगस्टला डास चावला. चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ४ ते १० दिवस लागतात, आपण ७ ऑगस्टला ताप आला असं धरू. दोन दिवस घरी क्रोसिन, ९ तारखेला गल्लीतला डॉक्टर, ११ ला प्लेटलेट उतरल्या म्हणून भरती आणि रक्ताचा नमुना. एलायझा ही रक्तातून डेंग्यू पक्का करणारी प्रयोगशाळेतली तपासणी एकेका नमुन्याची सहसा होत नाही. तिची ९६ खाचांची प्लेट असते, नमुने जमले की लावतात. १३-१४ ला निकाल, १६ ला नोंद. म्हणजे ठिपका उमटला तेव्हा डास चावून पंधरा दिवस झालेले असतात.

पण ठिपका उशिरा आला म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. ताप येण्याच्या थोडं आधीपासून पुढे चार-पाच दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्या दिवसांत, म्हणजे साधारण ७ ते १२ ऑगस्टला, ज्या नव्या डासांनी त्याला चावलं त्यांच्या पोटातून लाळेपर्यंत विषाणू पोचायला ८ ते १२ दिवस जातात. म्हणजे १५ ते २४ ऑगस्टच्या दरम्यान ते डास दुसऱ्याला रोग द्यायला तयार होतात. आणि आपला ठिपका उमटला १६ ला! पत्ता बरोबर असेल आणि त्याच दिवशी कुणी त्या घरी जाऊन आत धुरळणी केली, आसपासच्या घरांतल्या टाक्या रिकाम्या केल्या, तर साखळी तुटू शकते. हा डास काही कोसभर उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या टापूतच बहुधा त्याचं आयुष्य जातं. पत्ता चुकला तर नेमके हेच दिवस हातचे जातात. धंतोलीच्या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं ते यासाठी.

तारखेचा आणखी एक फसवा प्रकार मुलांना दाखवा. कोणत्याही आलेखातले शेवटचे सात-आठ दिवस खाली उतरलेले दिसतात. लोक म्हणतात, साथ ओसरली. तसं नसतं, त्या दिवसांत ताप आलेल्यांच्या नोंदी अजून वाटेतच असतात. त्याच आलेखाचं आज चित्र घेऊन ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा, तेच दिवस वर आलेले दिसतील. मी स्वतः आलेखाचे शेवटचे दहा दिवस हाताने झाकून उरलेला भाग वाचतो.

आता साधनांकडे वळतो. सगळ्यांना आठवतो तो कोविडचा काळ्या पार्श्वभूमीवरचा लाल ठिपक्यांचा नकाशा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लॉरेन गार्डनर आणि त्यांचे विद्यार्थी एन्शेंग डोंग यांनी तो २२ जानेवारी २०२० रोजी सुरू केला आणि १० मार्च २०२३ ला नवे आकडे गोळा करणं थांबवलं. जगाला एकाच पानावर साथ दिसली ती त्यामुळे, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण त्यात ठळक दिसायचा तो सुरुवातीपासूनचा एकूण आकडा, म्हणून वर्तुळ एकदा मोठं झालं की लहान होत नसे. बरे झालेले रुग्णही त्या लाल रंगात कायम राहिले. मुलांना विचारा, वर्तुळ लहान व्हायला हवं असेल तर कोणता आकडा दाखवावा लागेल? वर्ग अर्धा तास त्यावर बोलत राहील.

भारतापुरतं म्हणाल तर ‘कोविड१९इंडिया’ या स्वयंसेवकांनी चालवलेल्या संकेतस्थळाचं काम मला फार मोलाचं वाटतं. राज्यांची रोजची पत्रकं, अधिकृत ट्विटर खाती यांतून आकडे वेचून त्यांनी जिल्ह्यापर्यंतची माहिती मांडली आणि सगळी खुली ठेवली. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवलं. आकडा कुठून आला, आज का बदलला, कालचा का वजा केला, हे ते लिहून ठेवत. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही डॅशबोर्डकडे बघताना मी आधी हेच शोधतो: चूक दुरुस्त केल्याची नोंद कुठे आहे का? जिथे एकही दुरुस्ती दिसत नाही तिथे मी जास्त सावध होतो.

बातम्यांवर चालणारी साधनं वेगळ्या जातीची. प्रोमेड १९९४ पासून जगभरच्या डॉक्टरांचे आणि तज्ज्ञांचे इशारे वाचून, पारखून पाठवत आलं आहे. वुहानमधल्या न समजलेल्या न्यूमोनियाची खबर त्यांनी ३० डिसेंबर २०१९ लाच दिली होती. हेल्थमॅप हा बोस्टनच्या बाल रुग्णालयातल्या संशोधकांनी २००६ मध्ये सुरू केलेला नकाशा, तो बातम्या आपोआप वाचून ठिपके लावणारा. यांचं बळ वेगात आहे, कारण रुग्णालयाची नोंद यायच्या आधी बातमी येते. उणीव अशी, की जिथे वार्ताहर तिथे ठिपका. नागपुरात दहा वर्तमानपत्रांची कार्यालयं आहेत, कोरची-भामरागडात किती असतील? गडचिरोलीच्या रानातला मलेरिया अशा नकाशावर फिका दिसतो आणि शहरातले दोन रुग्ण ठसठशीत.

गूगलचा फ्लूचा प्रयोग मुलांना जरूर सांगा, कारण तो ठरवून शिकवावा इतका चांगला धडा आहे. लोक फ्लूच्या लक्षणांबद्दल किती शोधतात यावरून साथीचा अंदाज बांधणारं हे साधन २००८ मध्ये आलं. सुरुवातीला जमलं. मग २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज अमेरिकी सरकारच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला, आणि २०१५ मध्ये ते बंद झालं. ताप आलेला माणूसही शोधतो, आणि तापाची बातमी वाचून घाबरलेला माणूसही. शोधावरून दोघं वेगळे ओळखू येत नाहीत. आपल्याकडे एखाद्या मुलाच्या डेंग्यूच्या मृत्यूची बातमी छापून येते त्या आठवड्यात पॅथॉलॉजीत रांग लागते. त्या रांगेचा आकडा साथीचा नसतो, धास्तीचा असतो.

सरकारी यंत्रणेबद्दल लोकांना फारच कमी माहिती असते, म्हणून थोडं सांगतो. २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात तीन फॉर्म असतात. नर्सताई किंवा आरोग्य सेवक घरोघरी फिरून लक्षणांवरून भरतात तो एस फॉर्म, डॉक्टर तपासून भरतात तो पी, आणि प्रयोगशाळेत पक्कं झालं की एल. पूर्वी कागदावर आठवड्याने यायचे. आता आयएचआयपी या सरकारच्या आरोग्य माहिती पोर्टलवर मोबाइलवरून रोज येतात. २०१८ मध्ये काही राज्यांत सुरू झालं आणि एप्रिल २०२१ पासून देशभर. गाव पातळीचा तपशील सर्वांना बघायला खुला नसतो, पण देशभरातल्या उद्रेकांच्या साप्ताहिक याद्या प्रसिद्ध होत आल्या आहेत. त्या याद्यांत रंगीत काही नाही, नुसते तक्ते. तरी मुलांना दाखवायला मी जॉन्स हॉपकिन्सच्या नकाशाआधी त्याच निवडीन. कुठल्या गावात लग्नाच्या जेवणातून विषबाधा, कुठे विहिरीच्या पाण्यातून कावीळ, किती जणांना लागण, पथक गेलं का, नमुने घेतले का, हे सगळं ओळीने वाचायला मिळतं.

हे आकडे वाचताना एक गोष्ट सांभाळा. राष्ट्रीय कार्यक्रमात डेंग्यूचा पक्का रुग्ण धरायला एलायझा लागते. खाजगीत दहा मिनिटांत निकाल देणाऱ्या कार्डवर पॉझिटिव्ह आला तर तो संशयितच राहतो. म्हणून ‘आमच्या गल्लीतच दहा जणांना झाला आणि महापालिका म्हणते झोनमध्ये तिघंच’ अशी भांडणं दर वर्षी होतात. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, मोजमाप वेगळं असतं. मी वस्तीतल्या बैठकींना हे समजावून सांगतो, तेव्हा आवाज खाली येतो आणि मग कामाचं बोलणं सुरू होतं.

आकडा चढला म्हणजे रोग वाढलाच असंही नाही. क्षयरोगाची नोंद करणं मे २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं आणि नोंदणीसाठी निक्षय हे पोर्टल आलं. त्यानंतर खाजगीतल्या रुग्णांचे आकडे चढत गेले. हे रुग्ण आधीही होते, खोकत होते, औषध अर्धवट सोडत होते, फक्त कुणाच्या वहीत नव्हते. तिथे चढता आकडा पाहून मला बरं वाटतं. स्क्रब टायफसचंही तसंच काहीसं. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याचे रुग्ण गाजले, आणि तेव्हापासून आपले डॉक्टर तापाच्या रुग्णाच्या काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याखाली सिगारेटने चटका दिल्यासारखी काळी खपली शोधू लागले. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याची ती खूण. शोधू लागले तसे रुग्ण सापडू लागले, आणि डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध वेळेत मिळून माणसं वाचू लागली.

भाजक हा मुद्दा तुमच्या भागासाठी मुद्दाम सांगतो. दर लाख लोकांमागे किती रुग्ण हे काढायला लोकसंख्या लागते, आणि आपल्याकडे अजून २०११ च्या जनगणनेवर काम चालतं. मानेवाड्यापलीकडे बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, ही बाजू तेव्हापासून किती वाढली ते तुम्ही रोज बघता. समजा एखाद्या भागात २०११ ला १०,००० लोक होते आणि आज २५,००० आहेत. ५० रुग्ण निघाले तर जुन्या भाजकाने दर लाखामागे ५०० येतात, खऱ्या भाजकाने २००. रंग गडद आला, पण रोगामुळे नाही. वाढत्या वस्त्या अशा नकाशांवर नेहमी जास्त आजारी दिसतात, आणि जुन्या, ओस पडत चाललेल्या पेठा निरोगी.

मुलांना हाताने खेळवता येईल असं काही हवं असेल तर एसआयआरचे स्लायडर असलेले खेळ शोधा, पुष्कळ आहेत आणि फुकट आहेत. लोकांचे तीन गट असतात: अजून न झालेले, सध्या झालेले, होऊन गेलेले. एका रुग्णापासून किती जणांना लागण होते तो आकडा सरकवला की लाट उंच-सखल होते. या गणिताच्या मुळाशी मुंबई आहे हे मुलांना सांगा. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये ते मांडलं आणि पडताळून पाहिलं ते १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंवर. मॅकेंड्रिक भारतात डॉक्टर म्हणून नोकरी केलेले. गोवरासाठी स्लायडर १५ वर ठेवा आणि लसीकरण ८० टक्के करा, लाट येतेच. ९५ वर न्या, बसते. बूथवरच्या ताई शेवटच्या पाच मुलांसाठी उन्हात का फिरतात ते मुलांना त्या क्षणी कळतं. नेक्स्टस्ट्रेनही थोडं दाखवा. विषाणूच्या जनुकांतले बदल बघून तो कुणाकडून कुणाकडे गेला याचं झाड ते काढतं. पण झाडाला फांद्या तिथेच फुटतात जिथे तपासणी होते, हे सांगायला विसरू नका. आपल्या नीरीत, म्हणजे नागपुरातल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, सांडपाण्यातून कोविडच्या विषाणूचा माग काढण्याचं काम झालं आहे, शक्य झालं तर तिथल्या कुणाला शाळेत बोलवा. नाल्याचं पाणी कुणाचं नाव, पत्ता, जात विचारत नाही आणि तरी वस्तीची खबर देतं, याचं मुलांना नवल वाटेल.

आता तुमचा नकाशा. रुग्णांचा नको म्हणालो त्याचं पहिलं कारण वरचं सगळं: पत्ता, तारीख, चाचणी, भाजक, चारही बाबतींत मुलं चुकणार, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एप्रिल २०२० मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा प्रतिबंधित क्षेत्र झाले तेव्हा त्या भागांच्या नावाचं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. रुग्णांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. बरी होऊन घरी आलेली एक बाई मला म्हणाली होती, ‘दादा, ताप गेला, पण दुधवाला अजून दार टाळतो.’ घरावर ठिपका लावणं म्हणजे त्या घराकडे बोट दाखवणं. हे नववीच्या मुलांच्या हातून होऊ देऊ नका, चांगल्या हेतूनेही नको.

पाण्याच्या नकाशाला हे काहीच लागू नाही, आणि तो रुग्णांच्या नकाशाच्या पुढे चालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. अळी सापडली म्हणजे तुम्ही साथीच्या महिनाभर आधी उभे आहात.

आणि नागपुरात त्याची सुरुवात कूलरपासून होते. जुलैतला एक सर्वे सांगतो. आशाताईंबरोबर एका घरी गेलो. ताई म्हणाल्या, ‘काकू, कूलर बघू का जरा?’ काकू म्हणाल्या, ‘अगं, जूनमध्येच बंद केला, कोरडा ठणठणीत आहे.’ बाजूची ताटी उचलली. खालच्या पत्र्याचा एक कोपरा किंचित खोल होता, तिथे बोटभर पाणी, पावसाच्या झडीने आलेलं. टॉर्च मारला आणि पाणी वळवळलं. वीस-पंचवीस अळ्या उजेडापासून पळून तळाला गेल्या, मग एकेक करून वर आल्या आणि शेपटीकडची नळी पाण्याच्या वर काढून डोकं खाली करून लटकल्या. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग पदर खोचून त्यांनी स्वतः ती टाकी उलटी केली. ताईंनी त्यांना घासायचा ब्रश आणायला लावला, कारण या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर पत्र्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाणी ओतलं आणि पत्रा घासला नाही तर पुढच्या मार्चमध्ये कूलर भरला की तीच अंडी उमलतात.

मुलांना असंच करायला द्या. वर्गात आधी अळी ओळखायला शिकवा: मलेरियाच्या डासाची पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडते, डेंग्यूच्या डासाची तिरकी लटकते. मग तिघातिघांचे गट, मोठं माणूस बरोबर, घरच्यांची परवानगी घेऊन. पाण्यात हात घालायचा नाही, औषध टाकायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. कूलर, ड्रम, टायर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवर पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, बांधकामावरचं टाकं. एपिकलेक्ट किंवा कोबो ही मोफत अ‍ॅप मोबाइलवर चालतात आणि नेट नसतानाही नोंद धरून ठेवतात. घराचा नेमका बिंदू घेऊ नका, गल्लीचं नाव घ्या. नकाशा क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या मोफत सॉफ्टवेअरवर काढा किंवा सरळ कागदावर, मला कागदाचाही तितकाच आवडतो.

गणित सोपं आहे. समजा ६० घरं पाहिली आणि ९ घरांत अळी सापडली, तर घर निर्देशांक १५. एकूण २४० भांडी पाहिली, १४ मध्ये अळी, तर भांडी निर्देशांक साधारण ५.८. आणि १०० घरांमागे अळी असलेली भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक, इथे २३.३. तीनही आकडे आमच्या खात्यात रोज वापरले जातात, त्यामुळे तुमच्या मुलांचा तक्ता झोनच्या मलेरिया-फायलेरिया विभागाला सरळ वाचता येईल. कोणत्या प्रकारच्या भांड्यात किती अळ्या हा तक्ता वेगळा काढा. माझा अनुभव असा, की एका वस्तीत दोन-तीन प्रकारच्या भांड्यांतच बहुतेक अळ्या निघतात, आणि ते कोणते हे गल्लीगणिक बदलतं. तुमच्याकडे कूलर निघतील असं मला वाटतं, पण बांधकामाची टाकीही निघू शकतात. निघाली तर त्यांत गप्पी मासे सोडायला सांगता येतं.

आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे कूलर नुकतेच बंद झालेले असतात आणि पहिले दोन-तीन पाऊस पडून गेलेले. पहिली फेरी जुलैच्या पहिल्या शनिवारी घ्या, मग दर पंधरा दिवसांनी त्याच गल्ल्या, तीच घरं. तिसऱ्या फेरीनंतर तक्ता मला पाठवा, मी बसून मुलांबरोबर वाचेन.